डोकेदुखीची नोंदवही आणि मेंदूचे रंगीत नकाशे: बेळगावातील एका न्यूरॉलॉजी दवाखान्याबद्दल

डोकेदुखीसाठी दवाखान्यात जावे, असे बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील फार थोड्या घरांत मानले जाते. कपाळाला सुंठ उगाळून लावायची, डोक्याला फडके करकचून बांधायचे, मेडिकलमधून एक गोळी आणून घ्यायची आणि कामाला लागायचे, हीच आपल्याकडची रीत आहे. म्हणूनच ज्या दवाखान्यात डोकेदुखी हीच मुख्य तक्रार धरून शांतपणे ऐकून घेतली जाते, त्याच्याविषयी सविस्तर लिहावे असे मला वाटले. टिळकवाडी भागातील एका न्यूरॉलॉजिस्टच्या, म्हणजे मेंदू व मज्जातंतूंच्या डॉक्टरांच्या, दवाखान्यात मी माझ्या धाकट्या जावेला घेऊन वर्षभर जात आहे. घरातल्या माणसाच्या आजारपणाचा तपशील येथे येणार असल्याने तिचे, डॉक्टरांचे किंवा दवाखान्याचे नाव देत नाही. मात्र डोकेदुखीच्या रुग्णाला चांगली सेवा म्हणजे नेमके काय मिळायला हवे, हे या अनुभवावरून कोणालाही पडताळून पाहता येईल.

आमचे घर वडगावचे, विणकरांचे. दीर यंत्रमाग चालवतात, जाऊ कांड्या भरते आणि मी खानापूर तालुक्यातील एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. जावेचा त्रास जुना आहे. डाव्या कानशिलात ठणका सुरू होतो, काही वेळातच मळमळ होते, मागाचा खडखडाट आणि दारातून येणारा उजेड दोन्ही सोसवेनासे होतात, आणि मग दीड-दोन दिवस ती अंधाऱ्या खोलीत पडून राहते. हे वर्णन मायग्रेनच्या आंतरराष्ट्रीय निकषांशी तंतोतंत जुळते: ४ ते ७२ तास टिकणारी, बहुधा एका बाजूची, ठणकणारी, चालण्या-वाकण्याने वाढणारी वेदना, आणि तिच्याबरोबर मळमळ किंवा प्रकाश व आवाज या दोन्हींचा त्रास. हा आजार दुर्मीळही नाही. बेंगळुरू शहर आणि भोवतालच्या खेड्यांत घरोघरी जाऊन केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १८ ते ६५ वयोगटातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना वर्षभरात मायग्रेन झाल्याचे आढळले होते, आणि त्यात स्त्रियांचे प्रमाण बरेच जास्त होते. तरीही तिच्या दुखण्याला नाव मिळायला इतकी वर्षे जावी लागली, याचे मला वाईट वाटते.

या दवाखान्यात येण्यापूर्वी आम्ही दुसऱ्या एका शहरातील खासगी केंद्रात गेलो होतो. मेंदूतील जोडण्या बिघडल्यामुळे मायग्रेन होते आणि त्या जोडण्या आम्ही यंत्रावर दाखवतो, अशी त्यांची जाहिरात होती. जावेच्या डोक्यावर तारा लावलेली टोपी बसवली, थोडा वेळ डोळे मिटून बसायला सांगितले आणि नंतर मेंदूच्या आकारावर लाल-निळे डाग असलेली चित्रे छापून हाती दिली. लाल भाग जास्त जोडलेला, निळा भाग कमी जोडलेला, आणि हे सर्व सुरळीत करण्यासाठी बैठकांचे एक महागडे पॅकेज. एवढ्या सगळ्या सोपस्कारांत महिन्याला डोकेदुखीच्या किती गोळ्या घेता, असे तिला कोणीही विचारले नाही. पॅकेज आम्ही घेतले नाही. तपासणीचे पैसे मात्र गेले.

टिळकवाडीच्या डॉक्टरांचा तिला दुसराच प्रश्न गोळ्यांचा होता. पहिला प्रश्न होता, “ताई, महिन्यातले किती दिवस डोके अगदी हलके, साफ असते?” दुखण्याचे दिवस विचारले असते तर तिने फक्त आडवे पडण्याचे दिवस मोजले असते, उलट विचारल्यामुळे लक्षात आले की साफ दिवस फारच थोडे उरले होते. डॉक्टर धारवाडकडचे, घरी कन्नड बोलणारे. पण जावेशी ते सावकाश, नीट मराठीत बोलत होते आणि एखादा शब्द अडला तर सिस्टरला विचारून घेत होते. आधी सगळी हकीकत ऐकली, मग डोळ्यांत बॅटरी मारून बाहुल्या पाहिल्या, हातापायांची ताकद, चालणे, मान आणि रक्तदाब तपासला. त्यानंतर मी ते रंगीत नकाशे पुढे केले. त्यांनी ते दोन्ही हातांत धरून नीट पाहिले, कोणाचीही निंदा केली नाही, आणि म्हणाले, “मायग्रेनमध्ये मेंदूच्या भागांचा आपसातला ताळमेळ बदलतो, हे संशोधन खरे आहे. पण एका माणसाचा आजार ओळखायला किंवा औषध ठरवायला ते अजून उपयोगाचे नाही.” एवढ्यावर न थांबता त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या पॅडची मागची कोरी बाजू घेतली आणि पेनाने मेंदूची बाजूने दिसणारी आकृती काढली. तो कागद मी जपून ठेवला आहे. त्यानंतर विषय समजून घेण्यासाठी बरेच वाचन केले, आणि त्यांनी सांगितलेले कोठेही खोटे ठरले नाही.

ते जे म्हणाले ते थोडे विस्ताराने सांगते, कारण या विषयावर मराठीत जाहिरातीच जास्त आढळतात. मेंदूच्या एखाद्या भागाचे काम वाढले की तेथील रक्तपुरवठा आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण बदलते, आणि फंक्शनल एमआरआयमध्ये हा बदल टिपता येतो. १९९५ साली भारतीय वंशाचे संशोधक भरत बिस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की माणूस काहीही न करता स्वस्थ पडलेला असतानाही दोन्ही बाजूंच्या हालचाल केंद्रांतील संकेतांचे मंद चढ-उतार एकमेकांच्या तालात चालतात. दूरदूरच्या भागांतील चढ-उतारांचा हा मेळ म्हणजेच संशोधकांच्या भाषेतील कनेक्टिव्हिटी. ती प्रत्यक्ष तार नव्हे, चढ-उतारांतला सहसंबंध आहे. प्रत्यक्ष तंतूंचे मार्ग पाहण्यासाठी पाण्याच्या रेणूंचा प्रसार मोजणारी वेगळी एमआरआय पद्धत वापरतात. ‘जोडणी तुटली’ असे कोणी सांगितले की माणूस घाबरतो, म्हणून हा फरक प्रत्येक रुग्णाला सांगितला गेला पाहिजे.

मायग्रेनच्या रुग्णांत हा मेळ बदललेला दिसतो, आणि तोही डोके दुखत नसतानाच्या काळात. वेदना आणि धोका यांची दखल घेणारे इन्सुला व सिंग्युलेट हे भाग, संवेदना पुढे पाठवणारा थॅलॅमस, वेदनेवर लगाम ठेवणारा मध्यमेंदूतील करड्या पेशींचा पट्टा आणि मन स्वस्थ असताना जागे राहणारे जाळे, यांच्यातील संबंध निरोगी माणसांपेक्षा वेगळे असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. जावेला सर्वांत पटला तो मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या छोट्या भागाविषयीचा मुद्दा. २०१६ साली हॅम्बुर्गच्या दोन संशोधकांनी मायग्रेनच्या एकाच रुग्णाचा सलग ३० दिवस रोज स्कॅन केला. त्या काळात तिला औषधाविना तीन झटके आले. झटक्याच्या आधीच्या २४ तासांत हायपोथॅलॅमसची प्रतिक्रिया वाढलेली होती आणि चेहरा व डोक्याच्या वेदना जेथे पोहोचतात त्या ट्रायजेमिनल केंद्राशी त्याचा मेळ बदललेला होता. झटका सुरू असताना मात्र हायपोथॅलॅमसचा संबंध ब्रेनस्टेमच्या, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठाच्या, वरच्या भागाशी जुळलेला दिसला. म्हणजे डोके ठणकू लागण्याच्या कितीतरी आधी झटका मेंदूत सुरू झालेला असतो.

डॉक्टरांनी हे सांगताच जाऊ माझ्याकडे वळून म्हणाली, “अक्का, म्हणूनच मला आदल्या दिवशी जांभयांवर जांभया येतात.” वारंवार जांभया, चिडचिड, मान आखडणे, पुन्हा पुन्हा लघवीला जावे लागणे, गोडाची अनावर इच्छा ही झटक्याच्या पूर्वसूचनेची ओळखीची लक्षणे आहेत, आणि झोप, भूक, तहान यांचे नियंत्रण करणाऱ्या हायपोथॅलॅमसशी त्यांचा संबंध लावला जातो. आमच्या घरात तोवर अशी समजूत होती की कुंदा ही आपली बेळगावची मिठाई खाल्ली की हिचे डोके उठते, आणि सासूबाईंनी तिच्यापुरता घरात कुंदा बंदच केला होता. गोड खावेसे वाटणे हीच झटक्याची सुरुवात असू शकते, खाणे हे कारण नसून आधीचे लक्षण असू शकते, हे कळल्यावर तिच्या मनावरचा एक दोष तरी उतरला. आजारी माणसाला आपल्याच चुकीमुळे दुखते असे वाटत राहणे फार क्लेशाचे असते. एकट्या या उलगड्यासाठीही ही भेट सार्थकी लागली, असे मी मानते.

पुढचा प्रश्न मीच विचारला. एवढे बदल दिसतात तर मग तिचा स्कॅन काढून ते का पाहू नयेत? डॉक्टर म्हणाले की हे सगळे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. अभ्यासांत रुग्ण थोडे, बहुधा काही दहांच्या संख्येत. यंत्रे आणि गणिती पद्धती वेगवेगळ्या. एका अभ्यासात एखादा संबंध वाढलेला दिसतो तर दुसऱ्यात तोच घटलेला. शिवाय झटका कालच येऊन गेला की उद्या येणार आहे, यावर चित्र बदलते. मी वर्गात हाच मुद्दा पावसाच्या उदाहरणाने समजावते: खानापूर तालुक्याच्या सरासरी पावसावरून आज कणकुंबीत कोसळतो आहे की नंदगडला ऊन पडले आहे, ते सांगता येत नाही. त्यातच हे बदल आजाराचे कारण आहेत, वर्षानुवर्षे दुखणे सोसल्याचा परिणाम आहेत की औषधांचा, हेही केवळ स्कॅनवरून वेगळे काढता येत नाही. मायग्रेनचे निदान आजही हकीकत आणि तपासणी यांवरूनच होते. हे स्पष्ट शब्दांत सांगून आमचा अनावश्यक खर्च टाळणारा डॉक्टर मला भेटला, ही या दवाखान्याची मोठी जमेची बाजू.

याचा अर्थ ते स्कॅनच्या विरोधात आहेत असा मुळीच नाही. एका क्षणात परमोच्च तीव्रतेला पोहोचलेली डोकेदुखी, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे, तापाबरोबर मान ताठ होणे, हात-पाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे, फिट येणे, कर्करोगाचा पूर्वेतिहास, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, किंवा जुन्या दुखण्याचे रूपच पालटणे, अशा वेळी तातडीने तपासणी हवी, हे त्यांनी आम्हांला वेगळ्या कागदावर लिहून दिले. जावेच्या बाबतीत यांपैकी काही नव्हते आणि तपासणीही निर्दोष होती, म्हणून साधा एमआरआयसुद्धा त्यांनी सांगितला नाही.

मुख्य काम झाले ते गोळ्यांच्या बाबतीत. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्याचे १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान (खास मायग्रेनच्या झटक्यावरच्या गोळ्या) किंवा अनेक औषधे एकत्र असलेल्या गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ चालले तर त्या गोळ्याच डोकेदुखी टिकवून धरतात. जावेच्या पर्समध्ये कायम एक पाकीट असायचे आणि सकाळी कांड्यांच्या यंत्राशी बसण्याआधी, दुखो न दुखो, एक गोळी ठरलेली होती. दुखण्याचे दिवस महिन्यात १५ किंवा अधिक आणि त्यांतले किमान आठ मायग्रेनच्या स्वरूपाचे, असे तीन महिन्यांहून जास्त काळ चालले की त्याला जुनाट मायग्रेन म्हणतात. ती त्या टप्प्यावर पोहोचली होती. गोळ्या कमी केल्याने मेंदूत काय फरक पडतो, याविषयी डॉक्टरांनी सांगितलेला एक अभ्यास मला फार आश्वासक वाटला. बेल्जियममधील लिएज येथील संशोधकांनी २००६ मध्ये, अतिवापरामुळे आजार जुनाट झालेल्या १६ रुग्णांचे पेट स्कॅन (मेंदूचा कोणता भाग किती ऊर्जा वापरतो ते दाखवणारी तपासणी) गोळ्या थांबवण्यापूर्वी आणि तीन आठवड्यांनंतर केले. थॅलॅमस, इन्सुला, सिंग्युलेट अशा भागांतील मंदावलेला ऊर्जेचा वापर जवळपास पूर्ववत झाला. कपाळामागच्या तळाचा एक भाग मात्र सुधारला नाही. गट लहान होता, हे त्यांनी आपणहून सांगितले.

गोळ्या थांबवल्यावर पहिले काही दिवस त्रास वाढेल, अशी पूर्वकल्पना त्यांनी दिली होती, आणि तसेच झाले. ते दिवस अतिशय कठीण गेले. दीर तर औषधे बंद करून पुन्हा जुन्या गोळ्या द्याव्यात या मताला आले होते. त्या काळात दवाखान्यात फोन केल्यावर सिस्टरने प्रत्येक वेळी नीट विचारपूस केली आणि एकदा डॉक्टरांशी बोलणे करून दिले. ही सेवा शब्दांत मोजण्यापलीकडची आहे. झटके रोखण्यासाठी रोज घ्यायचे औषध त्यांनी अगदी कमी मात्रेपासून सुरू केले. त्याचे नाव मी येथे देत नाही, कारण ही औषधे माणूस पाहून ठरतात: प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्याला चालत नाही, व्हॅल्प्रोएट गर्भधारणेच्या वयात टाळावे लागते, काही औषधांनी झोप आणि वजन वाढते. आज तिचे झटके थांबलेले नाहीत, पण आठवडेच्या आठवडे साफ जातात आणि झटका आला तरी वेळेवर घेतलेल्या औषधाने बहुधा त्याच दिवशी ती उठून बसते.

हा फरक आम्हांला दिसला तो नोंदवहीमुळे. दवाखाना प्रत्येक रुग्णाला महिन्याचा एक तक्ता देतो: तारीख, दुखणे किती वाजता सुरू झाले आणि किती तास राहिले, तीव्रता, कोणती गोळी किती घेतली, झोप, जेवणाची वेळ, पाळी. तिसऱ्या महिन्याच्या पानावर डॉक्टरांनी लाल पेनाने तीन तारखांना गोल केले. ते तिन्ही उपवासाचे सोमवार होते. त्यांनी उपवास सोडायला सांगितले नाही. उपाशीपोटी राहू नका, ठरलेल्या वेळी फराळ करा, पाणी भरपूर प्या, एवढेच म्हणाले. सासूबाईंनाही हे पटले, आणि श्रावणात जावेची साबुदाण्याची खिचडी आता बाकीच्यांच्या आधी तयार होते.

उणिवाही सांगायला हव्यात. डोकेदुखीचे रुग्ण जेथे बसतात त्या खोलीत पांढऱ्या शुभ्र ट्यूबलाइट आणि मोठ्या आवाजात टीव्ही सुरू असतो, हे मला अजिबात पटत नाही. डोळ्यांवर पदर ओढून भिंतीकडे तोंड करून बसलेल्या बायका मी तेथे पाहिल्या आहेत. एक दिवा बंद करणे आणि टीव्ही मुका करणे याला काहीही खर्च येत नाही. दिलेली वेळ पाळली जात नाही; अकराची वेळ असली तरी नंबर लागेपर्यंत जेवणाची वेळ टळून जाते, आणि उपाशी राहण्याने झटका येतो हे ज्या दवाखान्यात शिकवले जाते तेथे तरी असे होऊ नये. दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. रविवारी फोन लागत नाही.

नोंदवहीचा तक्ता सुरुवातीला कन्नड आणि इंग्रजी या दोनच भाषांत छापलेला होता. वडगाव, शहापूर, येळ्ळूर, उचगाव या भागांतून येणाऱ्या अनेक बायकांना कन्नड बोलता येत असले तरी वाचता येत नाही, आणि जो तक्ता वाचता येत नाही तो भरला जात नाही. मी घरी मराठीत तक्ता आखून नेला आणि सिस्टरला दाखवला. त्यांनी डॉक्टरांना विचारून लगेच त्याच्या झेरॉक्स काढल्या. आता टेबलावर तिन्ही भाषांतील गठ्ठे शेजारी शेजारी ठेवलेले असतात. सीमाभागात भाषेचा विषय नेहमी वादाच्या सुरात निघतो, पण रुग्णाला त्याच्या भाषेत माहिती मिळणे हा उपचाराचाच भाग आहे, आणि या दवाखान्याने ते सहजपणे मान्य केले, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पहिल्या भेटीची फी नंतरच्या भेटींपेक्षा जास्त आहे, पण त्या भेटीला मिळणारा वेळ पाहता ती रास्त वाटते. औषधे लिहून देताना परवडणारा पर्याय आपणहून सांगितला जातो आणि त्याच इमारतीतील मेडिकलमधूनच घ्या असा आग्रह नसतो. ज्यांना महिन्यातून चार-पाच दिवसांहून अधिक डोकेदुखीची गोळी लागते, त्यांनी येथे किंवा अशाच पद्धतीने काम करणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टकडे अवश्य जावे. नंबर सकाळी फोनवरच घ्यावा लागतो आणि तारीख मिळायला दोन-तीन आठवडे लागतात. तोपर्यंत साध्या वहीत रोजची नोंद सुरू करावी, घेतलेल्या प्रत्येक गोळीचे रिकामे पाकीट पिशवीत टाकावे आणि येताना सोबत डबा आणावा.